खेळायला निमित्त कशाला?

मराठी घरात मोठी माणसं खेळत नाहीत, हे खरं नाही. गणपतीच्या आराशीसाठी चाळिशीतले गृहस्थ रात्र रात्र पुठ्ठा कापत बसतात. रुखवतासाठी मावश्या-आत्या सुपारीला फेटा बांधून वाजंत्री उभे करतात, शेवयांचं घर शाकारतात, काड्यापेटीच्या काड्यांचा बंगला बांधतात. दिवाळीतला किल्ला मुलांचा म्हणायचा, पण बुरूज कुठे घ्यायचा आणि पायवाट कुठून काढायची हे बाबाच ठरवत असतात. यातलं प्रत्येक काम म्हणजे खेळ आहे. फक्त प्रत्येक खेळाला एक निमित्त आहे: देव, लग्न किंवा मूल. निमित्त सरलं की खेळ आवरायचा आणि पुन्हा शहाण्यासारखं वागायचं, असा हा अलिखित करार आहे.

मी लेगोचे ठोकळे आणि त्यांतली चार सेंटिमीटरची माणसं जमवतो, बांधतो, मोडतो आणि पुन्हा बांधतो. माझ्या या छंदाला असं कोणतंही निमित्त नाही आणि ते असावं असं मला वाटतही नाही. दुकानात हमखास प्रश्न येतो, ‘मुलाचं वय किती?’ कायदाही तोच प्रश्न विचारतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्या आदेशातली खेळण्याची व्याख्या चौदा वर्षांखालच्या मुलांच्या वापराशी बांधलेली आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण आपण ही व्याख्या सुरक्षेपुरती ठेवली नाही, आयुष्यालाच लावून टाकली. खेळणं म्हणजे जे मोठेपणी सुटतं ते, अशी समजूत करून घेतली. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे आपलं नुकसान होतं, हे मला या लेखात मांडायचं आहे.

मुळात ठोकळ्याची गोष्टच मोठ्या माणसांच्या खटपटीची आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावातले सुतार ओले कर्क ख्रिश्चनसेन यांनी १९३२ मध्ये, मंदीत घरबांधणीची कामं आटल्यावर, लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. प्लास्टिकचा ठोकळा १९४९ मध्ये आला. त्याची कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी पेज यांनी तसे ठोकळे आधीच बनवले होते. पण ते ठोकळे एकमेकांवर नुसते बसत, घट्ट धरून राहत नसत. ओले यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या बसवल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वरचे उंचवटे आणि खालच्या नळ्या यांची पकड इतकी नेमकी आहे की त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. मूल तो सहज जोडतं, सहज काढतं, आणि तरी तो आपोआप सुटत नाही. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे जोडण्याच्या शक्य रचना ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ भरतात. सहा ठोकळ्यांची ही कथा, तर टेबलभर ठोकळ्यांत माणसाचं आयुष्य अपुरं पडावं यात नवल नाही.

मी भोपाळचा, म्हणून माझ्या टेबलावर भोपाळ असतं. सध्या ताज-उल-मसाजिदच्या एका मिनाराचा पायथा बांधतो आहे. मिनार अष्टकोनी आहे आणि ठोकळे बसतात चौकोनी जाळीवर. बिजागरीच्या तुकड्यांनी भिंत पंचेचाळीस अंशांत वळवता येते, पण वळवलेल्या भिंतीची टोकं जाळीच्या मापावर यायला हवीत. चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूच्या वर्गमूळ दोन पट असतो आणि वर्गमूळ दोन कुठल्याच पूर्ण मापात येत नाही. मग युक्ती करावी लागते. कोपरा पाच-पाच उंचवट्यांचा कापायचा आणि तिरकी भिंत सात उंचवट्यांची घ्यायची. पाचाचा वर्ग दोनदा घेतला तर पन्नास, साताचा वर्ग एकोणपन्नास. त्या एकाच्या फरकाची फट बिजागरीच्या सैलपणात जिरून जाते. आठही बाजू सातच्या झाल्या आणि मिनाराचा पायथा सतरा उंचवट्यांचा, म्हणजे सुमारे साडेतेरा सेंटिमीटर रुंदीचा झाला. शाळेत पायथागोरस मार्कांसाठी पाठ केला होता. तो बोटांना कळतो तेव्हा होणारा आनंद वेगळ्याच जातीचा असतो.

त्या पायथ्याशी मी एक माणूस उभा केला आणि मिनार एकदम उंच झाला. लेगोचं हलत्या हातापायांचं माणूस १९७८ मध्ये आलं. पिवळा चेहरा, दोन ठिपके, एक हसू. १९८९ मध्ये समुद्री चाच्यांचे संच येईपर्यंत चेहऱ्यावर दुसरा भावच नव्हता. अनेकजण ही माणसं नाणी किंवा तिकिटांसारखी जमवतात: हा दुर्मीळ, तो अमुक मालिकेतला. मला त्यांचं मोल वाटतं ते माप म्हणून. चार सेंटिमीटरचा माणूस ठेवला की दार दार होतं, पायरी पायरी होते, आणि बांधणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं की या माणसाला इथून चढता येईल का.

याच्या अगदी उलट रीत आपल्या किल्ल्याची. तिथली मातीची चित्रं मापाला जुमानत नाहीत. सिंहासनावरचे महाराज महादरवाजाहून मोठे असतात, मावळा बुरुजाच्या खांद्याला लागतो, गवळण विहिरीत मावत नाही. कुणाला ते खटकत नाही, कारण तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो. माणूस लहान ठेवून वास्तू मोठी करायची ही एक रीत, माणूस मोठा ठेवून वास्तूला त्याची पार्श्वभूमी करायची ही दुसरी. दोन्हींना विचार लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झालं, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातल्या नोकरदारांबरोबर कितीतरी मराठी घरं इथे आली. ग्वाल्हेर-इंदूरकडचीही आली, भेलच्या कारखान्यानं आणखी आणली. त्या घरांनी किल्ला इथल्या काळ्या मातीत बांधला. ही माती वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात मुरूम कालवावा लागतो. हे ज्ञान मुलांनी शोधलेलं नाही. निमित्ताआड खेळणाऱ्या मोठ्यांनी ते मिळवलं आणि निमित्त मुलांचं असल्यामुळे कधी आपलं म्हणून सांगितलं नाही.

आता एक नवं निमित्त आलं आहे आणि ते जुन्या निमित्तांहून घातक आहे. ते म्हणजे गुंतवणूक. ‘खेळ नव्हे हो, पुढे किंमत येते,’ असं म्हटलं की समोरचा गप्प बसतो, कारण पैशाचं कारण आपल्याला लगेच पटतं. लेगोनं २००८ मध्ये ताजमहालाचा ५,९२२ तुकड्यांचा संच काढला. तो बंद झाल्यावर न उघडलेल्या खोक्यांची किंमत मूळ किमतीच्या कित्येक पटींवर गेली आणि तो संच साठवणाऱ्यांचं दैवत झाला. मग २०१७ मध्ये कंपनीनं जवळपास तोच ताजमहाल पुन्हा बाजारात आणला आणि साठेबाजांचा हिशेब कोसळला. ज्यानं आपला ताजमहाल उघडून बांधला होता, त्याचं मात्र काहीच गेलं नाही. त्याच्याकडे घुमट होता आणि तो घुमट कसा उभा राहतो याची समज होती.

जुनी निमित्तं निदान हाताला काम देत. देवासाठी असो की लेकीच्या लग्नासाठी, माणूस काहीतरी घडवत होता. गुंतवणुकीचं निमित्त हात बांधून ठेवतं. खोकं उघडायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, कोपरा चेपू द्यायचा नाही. आत तुकडे आहेत, पण ते जोडायचे नाहीत. त्याचंच धाकटं भावंड म्हणजे आत कोण आहे हे न कळणारी पाकिटं. लेगोनं माणसांची अशी मालिका २०१० पासून विकायला सुरुवात केली. हवं ते माणूस मिळेपर्यंत पाकिटामागून पाकीट घ्यायचं, यात खेळापेक्षा सोडत जास्त आहे. संग्रह पूर्ण करण्याची ओढ मी समजू शकतो. पण पूर्णतेची यादी दुसऱ्यानं लिहिलेली असेल, तर आपण फक्त तिच्यावर खुणा करत राहतो.

संग्रहाला वेगळी दिशा असू शकते. पुण्यात विलास करंदीकरांनी भातुकली जमवली आणि तिच्यातून जुन्या स्वयंपाकघराचा इतिहास लोकांपुढे मांडला. बी. एस. जोशी यांच्या हौसेतून कोथरूडला छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं राहिलं आणि १९९८ पासून लोक तिथल्या धावत्या गाड्या बघताहेत. फनस्कूलनं भारतात बनवलेले जी. आय. जो सैनिक आज परदेशातले संग्राहक शोधतात, कारण मूळच्या अमेरिकी साच्यांतून निघालेल्या या सैनिकांचे रंग इथे निराळे पडले. या सगळ्यांत वस्तूकडे नीट पाहिलं गेलं आहे. बंद खोक्याकडे पाहणारा फक्त किमतीकडे पाहत असतो.

या छंदावरचे दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला पैशाचा. आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. मोठा संच मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या किराण्याला मागे टाकतो. हा छंद सगळ्यांच्या आवाक्यात आहे, असं मी म्हणणार नाही. पण जोडून बांधण्याचा आनंद कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही, याचा पुरावा आमच्याच भागात आहे. पुण्यात टेल्कोत काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आले. इथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांतून जोडणीचा संच तयार केला. ट्यूबच्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खुपसल्या की सांधा होतो, तीन सांध्यांचा त्रिकोण होतो. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलंडतो, आणि पुलाच्या कैच्या त्रिकोणीच का असतात हे मुलाला न सांगता उमगतं. हेच काम पुढे भोपाळच्या एकलव्य संस्थेच्या पुस्तकांतून घरोघरी गेलं. डेन्मार्कचा ठोकळा आणि होशंगाबादची काडी यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण दोन्हींचा जीव सांध्यात आहे. आणि तो त्रिकोण दाबून बघताना मुलाइतकाच शिक्षकही रंगून जातो.

दुसरा आक्षेप प्लास्टिकचा. ठोकळा कुजत नाही, हे खरं आहे. म्हणूनच तो फेकायची वस्तू नाही आणि कुलपात ठेवायचीही नाही. साठ वर्षांपूर्वीचा ठोकळा आज कामाला येतो, याचा अर्थ तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला पाहिजे. ज्यानं उघडला, मोडला, पुन्हा बांधला आणि शेवटी दुसऱ्याला दिला, त्यानं त्या प्लास्टिकची निदान किंमत तरी वसूल केली. ज्याच्या घरात ते वीस वर्षं खोक्यात पडून राहिलं, त्यानं नुसता कचरा लांबणीवर टाकला.

आणखी एक निमित्त अलीकडे फार आदरानं पुढे केलं जातं. ठोकळ्यांनी ताण कमी होतो, एकाग्रता वाढते, म्हातारपणी मेंदू तल्लख राहतो म्हणे. लेगोनं स्वतःच २०२० पासून मोठ्यांसाठी १८+ लिहिलेली काळी खोकी काढली आणि निवांतपणाची भाषा सुरू केली. होत असेल ताण कमी. पण खेळाला औषधाची चिठ्ठी जोडावी लागणं ही त्याच जुन्या संकोचाची नवी आवृत्ती आहे. कुणी गाणं ऐकतं तेव्हा रक्तदाबासाठी ऐकतो असं सांगत नाही. गाणं आवडतं, एवढं पुरतं. मिनाराच्या आठ बाजू जुळल्या आणि मला आनंद झाला, हेही तितकंच पुरेसं असायला हवं.

निमित्तात नुकसान असं की ते खेळाची मुदत ठरवतं आणि खेळाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकतं. मुलासाठी बांधलेला किल्ला वाईट झाला तर मुलाचा, चांगला झाला तरी मुलाचा. देवासाठी केलेली आरास विसर्जनानंतर कुणी तपासत नाही. म्हणून वर्षानुवर्षं तेच करूनही आपलं कसब पुढच्या पायरीवर जात नाही, त्याची चर्चा होत नाही, नोंद राहत नाही. माणूस जेव्हा म्हणतो की हे मी बांधलं आणि माझ्यासाठी बांधलं, तेव्हाच त्याला चुका मोजाव्या लागतात, दुसऱ्याचं काम बघावं लागतं, विचारावं लागतं. उघडपणे खेळणारा माणूस शिकणारा माणूस असतो. ज्या समाजात मोठी माणसं उघडपणे शिकत नाहीत, तिथे मुलांनाही शिकणं ही शाळा सुटली की संपणारी गोष्ट वाटते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. दिवाळीत किल्लेस्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी, मग ती पुण्यातली असोत की भोपाळमधली, मोठ्यांचा एक गट ठेवावा. त्यात मातीचे किल्ले यावेत, पुठ्ठ्याचे यावेत, ठोकळ्यांचे आणि काड्यांचेही यावेत. प्रवेशपत्रावर बांधणाऱ्यानं स्वतःचं नाव आणि स्वतःचं वय लिहावं. परीक्षकांनी त्याला बुरूज का ढासळला, मापं कशी धरली, हे प्रश्न विचारावेत आणि त्यानं सगळ्यांसमोर उत्तरं द्यावीत. मुलाच्या नावामागे उभं राहण्याची सवय सुटली, तर पुढच्या वर्षी त्याचा किल्ला अधिक चांगला होईल, आणि शेजारी बांधणाऱ्या मुलाचाही.