दुसरे कार्ड आणि कुंभाराचे गाढव

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे. बाजार मात्र अजूनही १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनच्याच नावाने ओळखला जातो. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या कितीतरी घरांतले कॉम्प्युटर याच रस्त्यावरून सुटे भाग घेऊन असेंबल झालेले आहेत. काउंटरवर कोटेशनचा कागद तयार होतो: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, वीजपुरवठा करणारा एसएमपीएस, कॅबिनेट. गेम खेळण्यासाठी मशीन हवे असेल तर या कागदावरचा सगळ्यात मोठा आकडा बहुधा ग्राफिक्स कार्डासमोर पडतो. त्या ओळीत नगाच्या रकान्यात एक लिहायचे की दोन, हा प्रश्न बरीच वर्षे गंभीरपणे विचारला गेला आणि आजही कुणीतरी विचारतो. हा प्रश्न पैशाचा आणि तंत्राचा आहेच, पण मला तो त्याआधी दर्शनशास्त्राचा वाटतो. एखादी गोष्ट पुरत असताना दुसरी मागायची, तर त्या मागणीला आधार कोणता? पुरेसे म्हणजे किती, हे ठरवायचे कुणी: इच्छेने, ऐपतीने, की ज्या कामासाठी वस्तू आणायची त्या कामाने?

आपल्याकडच्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी या प्रश्नासाठी दोन नेमके शब्द घडवले आहेत: लाघव आणि गौरव. मराठीत आपण गौरव म्हणजे सन्मान समजतो, पण शास्त्रचर्चेत गौरव हा दोष आहे. एका कल्पनेने कार्याचा उलगडा होत असताना दोन कल्पना मांडणे म्हणजे कल्पनागौरव, विचारावर विनाकारण चढवलेले वजन. उलट कमीत कमी मानून काम भागवणे हे लाघव. कारण कशाला म्हणावे, याचीही न्यायशास्त्राची व्याख्या कडक आहे. कार्याच्या आधी नियमाने हजर असणे पुरेसे नाही, ती हजेरी अन्यथासिद्धही नसावी; म्हणजे तिच्यावाचून कार्य घडू शकत असेल तर ती कारण नव्हे. यासाठी ग्रंथांतून येणारे उदाहरण कुंभाराच्या गाढवाचे आहे. माती गाढवाने वाहून आणली, मडके घडण्याआधी ते अंगणात उभेही होते, पण मडक्याचे कारण चाक, दांडा, माती आणि कुंभार. माती टोपलीतूनही आली असती. या उदाहरणात गाढवाची नालस्ती नाही. जवळ असणे आणि कारण असणे यांत फरक आहे, एवढेच ते दाखवते. दुसरे ग्राफिक्स कार्ड घेताना आपण असेच एक कारण मांडत असतो: हे बसवले की चित्र अधिक सुरळीत, अधिक वेगाने हलेल. ते खरे कारण आहे की कॅबिनेटमध्ये उभे असलेले गाढव, याची परीक्षा करता येते.

ही परीक्षा इतिहासानेच घेतली आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू टू हे कार्ड आले. तशी दोन कार्डे जोडली की पडद्यावरच्या ओळी ती वाटून घेत: एक कार्ड सम ओळी काढी, दुसरे विषम. या वाटणीचे नाव एसएलआय. एका कार्डाला ८०० बाय ६०० पर्यंत जाता येई, दोघांना मिळून १०२४ बाय ७६८ पर्यंत. तेव्हाचे चित्र साधे होते, ओळी एकमेकींवर फारशा अवलंबून नव्हत्या, त्यामुळे वाटणी प्रामाणिक होती. पुढे या कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि २००४ मध्ये एसएलआय हीच अक्षरे नव्या अर्थाने बाजारात आणली. २००५ मध्ये एटीआय या स्पर्धक कंपनीचे क्रॉसफायर आले. आता वाटणी ओळींची राहिली नाही, बहुतेक वेळा ती आख्ख्या चित्रांची झाली. पहिले चित्र एका कार्डाने काढायचे, दुसरे दुसऱ्याने, तिसरे पुन्हा पहिल्याने. कागदावर वेग दुप्पट. प्रत्यक्षात तीन अडचणी उभ्या राहिल्या आणि तिन्ही समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली स्मृतीची. दोन्ही कार्डांना तोच देखावा काढायचा असल्याने त्याच भिंती, तीच झाडे, तेच चेहरे दोघांच्याही स्मृतीत ठेवावे लागत. चार चार जीबीची दोन कार्डे घेणाऱ्याला आठ जीबीचे पैसे मोजून चारच जीबी वापरायला मिळत. दुसरी अडचण लयीची. सेकंदाला साठ चित्रे म्हणजे दर चित्राला साधारण साडेसोळा मिलिसेकंद. पण दोन कार्डांची चित्रे समान अंतराने न येता जोडीजोडीने आली, समजा एक पाच मिलिसेकंदांनी आणि पुढचे अठ्ठावीसने, तर सरासरी साठच राहते आणि डोळ्याला मात्र अडखळ जाणवते. तबल्यावर सोळा मात्रा मोजून भरल्या, पण त्या समान अंतराने पडल्या नाहीत, तर त्याला तीनताल कुणी म्हणणार नाही. तिसरी अडचण सगळ्यात खोल आहे. एक चित्र काढायला एका कार्डाला तेहतीस मिलिसेकंद लागत असतील तर दोन कार्डे लावूनही ते चित्र तेहतीस मिलिसेकंदांतच पुरे होते. चित्रांची संख्या वाढली, पण बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंतची वाट तेवढीच राहिली. आणि खेळणाऱ्याला हवी असते ती हीच वाट कमी झालेली.

ही अडचण स्वच्छ दिसण्यासाठी लॅमिंग्टन रोडवरच थांबावे. हा रस्ता कॉम्प्युटरचा होण्याआधी सिनेमाचा होता. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, स्वस्तिक, इम्पीरियल ही थिएटरे याच पट्ट्यातली, आणि पलीकडे गिरगावात १९१३ मध्ये कोरोनेशनला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तर १९३१ मध्ये मॅजेस्टिकला ‘आलम आरा’. फिल्मच्या रिळांच्या काळात थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर दोन असत. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. तो दिसला की ऑपरेटर दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करी, आणि दुसरा ठिपका दिसताच पहिल्याचा प्रकाश बंद, दुसऱ्याचा चालू. प्रेक्षकाला कळतही नसे. तिथे दोन यंत्रे आलटून पालटून काम करत होती आणि उत्तम करत होती, कारण चित्रपट आधीच घडून गेलेला होता. पुढच्या रिळातला प्रसंग मागच्या रिळातल्या प्रेक्षकाच्या शिट्टीवर अवलंबून नव्हता. खेळात तसे नसते. खेळाचे पुढचे चित्र अजून घडायचे आहे. ते मागच्या चित्राला पाहून खेळणाऱ्याने जे केले त्यातून जन्माला येणार आहे. शिवाय गेल्या दशकात चित्राच्या कडा गुळगुळीत करण्याची जी तंत्रे रूढ झाली ती मागच्या चित्रातले बिंदू घेऊन नव्यात मिसळतात. म्हणजे दुसऱ्या कार्डाला आपले चित्र पुरे करण्यासाठी पहिल्या कार्डाचे चित्र हातात असावे लागते. ते येईपर्यंत थांबायचे, मग वाटणी कसली?

एक क्षण दुसऱ्या क्षणाच्या आधाराने उत्पन्न होतो, स्वतंत्रपणे नव्हे, हा विचार या शहराला परका नाही. दर ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घरी घेऊन जातात. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, अशी बौद्ध विचारातल्या प्रतीत्यसमुत्पादाची मांडणी आहे. बौद्ध आचार्यांनी तिच्यातून प्रवाहाची कल्पना विकसित केली: क्षण वेगळे आहेत, पण मागच्याने पुढच्याला आधार दिल्याशिवाय पुढचा उभा राहत नाही. खेळणे हा असा प्रवाह आहे. तो मधून चिरून दोन कामगारांना अर्धा अर्धा देता येत नाही. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० मालिकेसाठी आणि त्याआधीच्या कार्डांसाठी एसएलआयच्या नव्या जुळण्या देणे थांबवले. आरटीएक्स ३० मालिकेत जोडणीची खाच फक्त ३०९० आणि ३०९० टीआय यांना उरली आणि २०२२ च्या ४०९० वर तीही नाही. बाजाराने हात आखडला, हे या निर्णयाचे एक कारण असेलही. माझ्या मते मूळ कारण कामाच्या स्वभावात होते आणि बाजाराला ते उशिरा उमगले.

यावर पहिला आक्षेप असा की दोन, चार, आठ कार्डे लावणारे लोक आहेत आणि त्यांना पुरेपूर फळ मिळते. खरे आहे, आणि नैयायिकांनी याची सोय आधीच करून ठेवली आहे. फलमुख गौरव दोष ठरत नाही, असा त्यांचाच नियम आहे: वजन जर फळाकडे नेत असेल तर ते वाहावे. ॲनिमेशनचा किंवा व्हीएफएक्सचा एखादा शॉट रेंडर करायचा असतो तेव्हा एकेचाळिसावे चित्र चाळिसाव्याची वाट पाहत नाही. आणि ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर एका चित्रातलेही गणित तुकड्यांत वाटते, कारण प्रत्येक प्रकाशकिरणाचा हिशेब वेगळा करता येतो. तिथे दुसरे कार्ड हे खरे कारण आहे, जवळजवळ निम्मा वेळ वाचवणारे. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंगही असेच सुट्या आकडेमोडीचे होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धत सोडली आणि एका दिवसात असंख्य कार्डांचे प्रयोजन संपले. कार्डे तीच, ताकद तीच. काम गेले तसे कारणपण गेले. दोन हा आकडा ना मोठेपणाचा, ना पापाचा. तो कामाकडून अर्थ घेतो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. एक कार्ड म्हणजे लाघव, असे म्हणून कुणी दोन मध्यम कार्डांच्या किमतीहून महाग असे एकच कार्ड घेतले, साडेचारशे वॉट खाणारे, तर त्यात कसला संयम? इथे न्यायशास्त्र अपुरे पडते हे मान्य केले पाहिजे. लाघवाचा नियम कारणे मोजतो, हाव मोजत नाही. ती मोजण्याची रीत याच परिसरातल्या, गिरगाव-वाळकेश्वरच्या जैन घरांत पिढ्यानपिढ्या सांभाळलेली आहे. श्रावकाचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे. साधूने सर्वस्व सोडायचे; गृहस्थाने सोडायचे नाही, पण आपली मर्यादा आधी ठरवून तिचे व्रत घ्यायचे. या व्रताचे बळ ‘आधी’ या शब्दात आहे. मर्यादा दुकानात उभे राहून ठरवली की ती मर्यादा राहत नाही, समोरच्या खोक्याची किंमत होते. पडदा १०८० चा आहे, सेकंदाला साठ चित्रे पुरेशी आहेत, खेळायचे ते चार गेम हे आहेत, असे घरी ठरवलेल्या माणसाला महागडे एक कार्डही गौरव ठरते, आणि ते त्याला स्वतःलाच दिसते.

तिसरा आक्षेप आनंदाचा. लालबागच्या मंडळांची सजावट कोणत्या प्रयोजनाने मोजायची? काचेच्या कॅबिनेटमध्ये दोन कार्डे दिव्यांनी उजळलेली पाहायची हौस एखाद्याला असली तर त्याला शास्त्र सांगून गप्प करायचे का? मुळीच नाही. शोभा हेही फळ आहे आणि ते मागण्यात लाज नाही. पण पूजेला बसताना हातात पाणी घेऊन आपण देश, काळ, स्वतःचे नाव आणि हेतू उच्चारतो आणि मगच ते पाणी ताम्हनात सोडतो. हेतू बोलून दाखवण्याची ही सक्ती फार शहाणपणाची आहे. शोभेसाठी घेतो असे म्हणून घेतलेली वस्तू कधी फसवत नाही. वेगासाठी घेतो असे म्हणून शोभा घरी आणली की महिन्याभरात तक्रार सुरू होते, आणि ती यंत्राविरुद्ध असते, स्वतःच्या न बोललेल्या हेतूविरुद्ध नसते.

राहिला तो ‘आज एक घेऊ, पुढे दुसरे जोडू’ हा विचार. पगारदार घराला तो फार जवळचा वाटतो, कारण खर्च दोन दिवाळ्यांत विभागला जातो. पण दुसरी दिवाळी येईपर्यंत तेच कार्ड नवे मिळेनासे होते, जुने मिळाले तर त्याची वॉरंटी संपलेली असते, आणि आज नव्या गेमिंग कार्डांवर जोडणीची सोयच नाही. त्या आशेपायी आधीच मोठा एसएमपीएस आणि दोन खाचांचा महाग मदरबोर्ड घेणे म्हणजे न आलेल्या पाहुण्यासाठी रोज पान वाढणे.

म्हणून लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी घरीच एका कागदावर लिहा: कोणता पडदा, कोणते गेम, कमाल किती रुपये. रेंडरिंग हे तुमचे पोटाचे काम असेल तर दुसऱ्या कार्डाचा भाव जरूर विचारा. खेळायचेच असेल तर नगाच्या रकान्यात एक लिहून घ्या, आणि उरलेल्या पैशांतून चांगल्या प्रतीचा एसएमपीएस मागा.