हंड्यातील अनोळखी फळ

दुष्काळ म्हणजे काय हे झाशीला व साऱ्या बुंदेलखंडाला सांगावे लागत नाही. अशाच दुष्काळात गिलगाल येथे एका शिष्याने रानवेलीची फळे ओटीत भरून आणली व चिरून हंड्यात घातली (२ राजे ४:३८-४१). ती कसली, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ह्या फळाचा इब्री शब्द 'पक्कुओत' शास्त्रात ह्या एकाच ठिकाणी येतो. म्हणून भाषांतरकाराला केवळ शब्दकोश पुरत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाला व रान जाणणाऱ्याला विचारावे लागते. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते कडू वृंदावन होय. झाशीकडच्या हिंदीत इंद्रायण. दिसावयास लहान कलिंगडासारखे, परंतु गर जहाल कडू व तीव्र रेचक.

चव कळताच जेवणारे ओरडले. भिडेखातर कोणी गप्प राहिला नाही. अलीशानेही आणणाऱ्याला दोष दिला नाही. त्याने पीठ मागवून हंड्यात टाकले व लोकांना वाढावयास सांगितले. दुष्काळातले अन्न वाया गेले नाही.

आपल्या मंडळीतही कोणी सद्हेतूने अनोळखी शिकवण ओटीत भरून आणतो. ती हंड्यात पडण्यापूर्वी जाणत्यांना विचारण्यास लाजू नका. आणि जो विचारतो त्याला हिणवू नका. त्याच्या प्रश्नामुळेच उद्या सर्वांचे ताट सुरक्षित राहील.