एकाच कामाची वस्तू

छापील पुस्तकाची सर कशालाच नाही असं म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात नव्या कोऱ्या पानांच्या वासावर येतो आणि वाद तिथेच अडतो. वासाला उत्तर नसतं. समोरचा मग एका हातात मावणाऱ्या दोन हजार पुस्तकांचा हिशेब मांडतो. त्यालाही उत्तर नसतं. ती वाचणार कधी, एवढं मात्र कोणी विचारत नाही. इकडे कागद आणि तिकडे पडदा अशी वाटणी आपण धरून चाललो आहोत. मला ती चुकीच्या जागी झालेली वाटते. निदान फावल्या वेळच्या वाचनापुरता ई-रीडर टॅबलेटच्या नात्यातला नाही, तो पुस्तकाच्या गोतावळ्यातला आहे. रेघ ओढायचीच तर एकच काम करणारी वस्तू आणि सगळी कामं करणारी वस्तू यांच्यामध्ये ओढावी.

ई-रीडरच्या पडद्यामागे दिवा नसतो. ई-इंक नावाचं त्याचं तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून आलं आणि १९९७मध्ये त्यासाठी कंपनी निघाली. पडद्यात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, एकांवर धन भार तर दुसऱ्यांवर ऋण. विजेचा दाब बदलला की हवे ते कण वर येतात आणि वीज काढून घेतली तरी तिथेच बसून राहतात. पान उलटतानाच काय ती वीज खर्च होते, म्हणून एकदा चार्ज केलेलं यंत्र आठवडेच्या आठवडे चालतं. अक्षर दिसतं ते बाहेरून पडणाऱ्या उजेडात, छापील शाईसारखंच. रात्रीसाठी बारीक दिवे असतात तेही कडेला. भर दुपारी गॅलरीत बसलात तर टॅबलेटमध्ये स्वतःचाच चेहरा दिसतो आणि ई-रीडरवरचं अक्षर उलट ठळक होतं.

या तंत्रात दोषही भरपूर आहेत. पडदा संथ असतो, पान बदलताना मध्येच लुकलुकतो, रंग असले तरी फिके, आणि व्हिडिओचं तर नावच नको. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हे दोष म्हणजे वरदान. ज्या यंत्रावर रील बघण्यात काहीच मजा नाही, त्यावर माणूस नाइलाजाने कादंबरीच वाचतो.

टॅबलेटचं नेमकं उलटं. त्याचा पडदा सुरेख, अक्षर रेखीव, चित्रं झळझळीत. डोळ्यांना त्रास होतो ही तक्रार मला थोडी अतिरंजित वाटते. खरी अडचण त्याच्या पडद्यात नसून त्याच्या सुपीकपणात आहे. करमणुकीसाठी वाचताना आपल्याला धरून ठेवणारं बाहेरचं काहीच नसतं. परीक्षा नाही, साहेब नाही, मुदत नाही. आणि चांगल्या कादंबरीतही कंटाळवाणी पानं असतातच. ‘वॉर अँड पीस’मधलं इतिहासावरचं चिंतन घ्या, किंवा आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतली दरबाराची लांबच लांब वर्णनं. कागदावर वाचताना अशा जागी मन सुटतं, खिडकीबाहेर जातं, समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे मोजतं आणि आपोआप परत येतं, कारण जायला दुसरी जागा नसते. टॅबलेटवर तेच सुटलेलं मन नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं, तिथून कुठल्या तरी लग्नाच्या व्हिडिओवर, तिथून क्रिकेटच्या स्कोअरवर. परत येईपर्यंत दरबार बरखास्त झालेला असतो. आवाज बंद केल्याने हे थांबत नाही, कारण पलीकडे काय काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. लेखकाने तो संथपणा मुद्दाम ठेवलेला असतो. पुढच्या प्रसंगाचं वजन त्याच्यावर तोललेलं असतं. टॅबलेटवर आपण नेमका तोच भाग चुकवतो आणि मग कादंबरी पकड घेत नाही म्हणून कुरकुरतो.

शास्त्रीय अभ्यासांचे दाखले या वादात दोन्ही बाजू देतात, पण ते जरा नीट वाचावेत. ई-रीडरमुळे झोप उडते ही बातमी २०१४च्या अखेरीला जगभर गाजली. मूळ प्रयोग १२ जणांवर झाला होता. झोपण्याआधी चार चार तास, पूर्ण उजेडावर, सलग पाच रात्री त्यांना वाचायला लावलं होतं, आणि हातात दिला होता आयपॅड. म्हणजे टॅबलेटचा गुन्हा ई-रीडरच्या नावावर नोंदला गेला. २०१८मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात मिळून एक लाख सत्तर हजारांवर वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं त्यात दिसलं, पण निव्वळ कथात्म मजकुरात तसा फरक आढळला नाही. उशाशी कादंबरी घेऊन पडणाऱ्याला अभ्यासाच्या पुस्तकाचे नियम लावायचं कारण नाही, इतकं यातून मिळतं.

एक फरक मात्र उरतो आणि तो मला अगदी पटतो. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वेच्या आन मांगेन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांच्या प्रयोगात ५० जणांनी एलिझाबेथ जॉर्ज यांची २८ पानी रहस्यकथा वाचली, निम्म्यांनी कागदावर आणि निम्म्यांनी किंडल या ई-रीडरवर. एकूण आकलन सारखंच निघालं. कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे लावताना मात्र किंडलवाले मागे पडले. पुस्तक हातात असताना डाव्या बाजूची जाडी वाढत जाते, उजवीकडची झिजत जाते, आणि गोष्ट कुठवर आली हे बोटांना कळत राहतं. रहस्यकथेत उजवीकडे आठच पानं उरली असतील आणि संशय अजून माळ्यावरच असेल, तर खुनी माळी नाही हे आपण तर्काने नाही, अंगठ्याने ओळखतो. ई-रीडरच्या कोपऱ्यातला ‘६७ टक्के’ हा आकडा ते सांगू शकत नाही.

इथवर सगळं इंग्रजी वाचणाऱ्यासाठी सोपं आहे. मराठी वाचकाची गोष्ट निराळी, कारण त्याने काय निवडावं हे बऱ्याचदा पुस्तकच ठरवतं. किंडल अमेरिकेत आलं नोव्हेंबर २००७मध्ये. त्यावर मराठी पुस्तकं रीतसर विकायला लागली ती २०१६च्या अखेरीस. त्याआधीची काही दशकं आपली पुस्तकं श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवली गेली. छपाईला ती उत्तम, पण तो मजकूर उचलून दुसरीकडे नेला की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होतो. तो पुन्हा युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरं तपासून, मुद्रितं वाचून ई-पुस्तक करणं म्हणजे जवळपास नवी आवृत्ती काढण्याइतकं काम. साहजिकच पीडीएफची पळवाट सापडली. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्यांनी मोफत पुस्तकं हजारो लोकांपर्यंत पोहोचवली ती मुख्यतः पीडीएफमध्ये. जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही त्याच रूपात फिरतात. आणि पीडीएफचं पान असतं पक्कं बांधलेलं. सहा इंची ई-रीडरवर त्याची अक्षरं मुंगीएवढी होतात. मोठी करायला जावं तर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावी लागते. म्हणजे ज्या यंत्राची मी एवढी तरफदारी केली ते बऱ्याचशा मराठी मजकुरापुढे हात टेकतं, आणि ज्या टॅबलेटला नावं ठेवली तोच उपयोगी पडतो. दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेला हा प्रकार व्यंगचित्रं, रंगीत जाहिराती आणि दोन-तीन स्तंभी मांडणीचा. तो वाचायचा तोच मुळी इकडून तिकडे उड्या मारत, तेव्हा तिथे टॅबलेटचा चंचलपणा खपून जातो.

मालकीचा मुद्दा लोक सहसा किमतीच्या हिशेबात हरवून टाकतात. आपला करकायदासुद्धा छापील पुस्तकाला वस्तू मानतो आणि ई-पुस्तकाला सेवा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावरचा २०१८मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, तोही छापील आवृत्ती असेल तरच. सेवा देणाऱ्याला ती परत घेता येते. जुलै २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या घोळापायी ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुस्तकं पुसली, आणि ती नेमकी जॉर्ज ऑर्वेलची होती, त्यातलं एक ‘१९८४’. पैसे परत मिळाले, जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण फेब्रुवारी २०२५पासून विकत घेतलेलं पुस्तक संकेतस्थळावरून आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली. त्याउलट रद्दीच्या दुकानात एखाद्या कवितासंग्रहाच्या पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ आणि खाली कवीची झोकदार सही सापडते. पान कापलेलंसुद्धा नसतं. भेट घेणाऱ्याने कवीचा असा अपमान केला तरी पुस्तक जगलं आणि तिसऱ्याच माणसाच्या हाती पडलं. ई-पुस्तकाला रद्दीत जाण्याचं हे भाग्य नाही.

ई-रीडर तरुणांची चैन म्हणून विकला जातो, पण त्याची खरी गरज सत्तरीच्या वाचकाला आहे. मोठ्या टाइपातली मराठी पुस्तकं दुकानात जवळपास नसतात. मोतीबिंदू पिकत आलेल्या, जाडजूड कादंबरी छातीवर तोलून मनगट दुखणाऱ्या आजींना दोनशे ग्रॅमचं यंत्र आणि हवं तेवढं मोठं अक्षर मिळालं, तर दुपार परत मिळते. न्यू जर्सीला किंवा सिडनीला राहणाऱ्या मराठी माणसालाही ते हवं आहे. विमानाच्या सामानात लोणची आणि पुस्तकं यांच्यात वजनाची जी ओढाताण होते तिच्यात लोणची जिंकतात.

तर माझ्यापुरतं असं: परत वाचावंसं किंवा कुणाला द्यावंसं वाटेल ते कागदावर; एकदा वाचून सोडायच्या इंग्रजी रहस्यकथा आणि लोकलमध्ये उभ्याने वाचायचं ते ई-रीडरवर; टॅबलेटवर दिवाळी अंक आणि नाइलाजाने पीडीएफ, वाय-फाय बंद करून. पण या वाटणीतला शेवटचा खण विनाकारण फुगलेला आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे पुस्तक सर्वांचं होतं. हरि नारायण आपटे १९१९मध्ये गेले. साने गुरुजी १९५०मध्ये, म्हणजे त्यांचं लेखनही २०११पासून मोकळं आहे. हे सगळं आणि त्यामागची आणखी शेकडो पुस्तकं नीट तपासलेल्या युनिकोडमध्ये, अक्षर मोठं करता येईल अशा रूपात आणायला कोणाची परवानगी लागत नाही. लागतात ते मुद्रितं वाचणारे डोळे आणि त्यांना द्यायचे पैसे, आणि विद्यापीठं, साहित्य संस्था, शासनाची मंडळं यांच्यापैकी कुणाला तरी हे काम पुस्तक प्रकाशन समारंभाइतकं महत्त्वाचं वाटायला हवं.