खाली जगह

वहीत लिहिलेलं असतं, ‘खाली जगह भरो’. मराठी घरातून आलेलं पहिलीतलं पोरगं ते ऐकतं आणि पानाच्या तळाशी बघतं. खाली म्हणजे कुठे, हे त्याला आईनं केव्हाच शिकवलेलं असतं. ‘पीठ पर बस्ता’ म्हटलं की त्याला घरचा पिठाचा डबा आठवतो. आणि ‘शिक्षा’? ती हिंदीत शाळेत गेल्यावर मिळते, मराठीत खोडी काढल्यावर. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या हिंदी शाळेत पहिलीला शिकवणाऱ्याचं निम्मं काम अशा शब्दांच्या फटीत चालतं.

हे काम कुठल्याही नोंदवहीत चढत नाही. गुरुजी वाकून हळूच सांगतात, ‘अरे बाबू, खाली म्हंजे रिकामी,’ आणि धडा पुढे सरकतो. पोरगं हळूहळू सरावतं. पुढे तर आपण कधी इथे अडलो होतो, हेच विसरून जातं. शिकवणं साधलं की शिकवणाऱ्याची खूण पुसली जाते. सुताराची खुर्ची राहते, गवंड्याची भिंत राहते. मास्तरचं काम मात्र दुसऱ्याच्या डोक्यात जाऊन त्याचंच होऊन बसतं.

या फटीला इतिहास आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्यासोबत त्याचा मराठी बोलणारा दक्षिण भाग, म्हणजे पांढुर्णा-सौंसरही. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम 350-क आलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी राज्यानं पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. कायद्यातला हा ‘प्रयत्न’ आणि बाकावरचं पोरगं यांच्यामधलं अंतर शिक्षक आपल्या जिभेनं भरत आला. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तहसील मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी ते अंतर नकाशावर दिसणारं नव्हतंच.

शिक्षकाच्या या कामाला त्याग म्हणावं का? शिक्षक दिनाला तो शब्द हारासोबत गळ्यात पडतो, म्हणून मला त्याची जरा धास्तीच वाटते. मध्य प्रदेशात 1997 मध्ये शिक्षण हमी योजना आली. जवळ शाळा नसलेल्या वस्तीनं मागणी केली की 90 दिवसांत शिकवणारा द्यायचा, अशी ती हमी. त्या शिकवणाऱ्याचं पदनामच ‘गुरुजी’ होतं. हाती पडायचं ते तुटपुंजं मानधन. नाव आदराचं दिलं की पगाराची चर्चा टळते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाला शाळेबाहेरची कामं देऊ नयेत असं म्हटलं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना सूट ठेवली. हातातला खडू ठेवून मतदार यादी घ्यावी लागते तेव्हा तो त्याग नसतो. त्याग माणूस स्वतः करतो. हे त्याच्याकडून काढून घेतलेलं असतं.

म्हणून न दिसणं दोन प्रकारचं, हे वेगळं ठेवायला हवं. एक व्यवस्थेनं डोळे मिटल्यामुळे आलेलं. त्याच्यात अर्थ शोधायचा नसतो, हिशेब मागायचा असतो. दुसरं या कामाच्या पोटातच असलेलं. इथल्या जत्रेशी ताडून बघा : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड उभं राहतं. पांढुर्णा आणि सावरगाव या दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे सुटतात आणि झाडावरचा झेंडा कोण नेतो ते बघायला गर्दी लोटते. रोज सकाळी पोरांना घरच्या बोलीतून पुस्तकाच्या भाषेत नेणाऱ्याला बघायला कुणी येत नाही, आणि येऊही नये. टाळ्या वाजल्या तर अडखळणारं पोरगं लाजून गप्प होईल. त्याची फजिती झाकायची तर मास्तरला आपली मेहनतही झाकावी लागते.

कधीतरी तोच पोरगा मोठा होऊन तहसीलच्या खिडकीशी उभा राहतो. पुढ्यात हिंदीतला फॉर्म असतो. तो खाली बघत नाही. पेन काढतो आणि रिकामी जागा भरतो.