विमा, प्रमाण आणि भेदाभेद

शेवगाव तालुक्यातील गोदाकाठचे मुंगी हे गाव द्वैताद्वैत मताचे प्रवर्तक निंबार्काचार्य यांचे जन्मस्थान असल्याचे एक परंपरा मानते. जीव आणि ब्रह्म यांच्यातील भेद जितका खरा तितकाच त्यांचा अभेदही खरा, म्हणून एकाला भ्रम ठरवून दुसऱ्याचे समर्थन करण्याचे कारण नाही, असे या मताचे सार सांगता येते. वरवर पाहता रुग्णालयाच्या बिलाशी या भूमिकेचा संबंध दिसत नाही. तथापि आयुर्वेदादी उपचारांना आरोग्य विम्याचे संरक्षण असावे काय, या वादाच्या मुळाशी त्याच जातीचा प्रश्न आहे: दोन उपचारपद्धतींना समान लेखायचे, तर त्यांना एकरूपही मानावे लागते काय?

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने, आयुष उपचारांना, म्हणजे आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध आणि होमिओपॅथी यांना, १ एप्रिल २०२४ पासून अन्य उपचारांच्या बरोबरीने लेखण्यास विमा कंपन्यांना सांगितले. त्यापूर्वी अनेक पॉलिसींत या उपचारांच्या खर्चावर वेगळी मर्यादा असे. ही बरोबरी न्याय्य असली, तरी तिचे तात्त्विक समर्थन केवळ परंपरेच्या अभिमानावर उभे राहू शकत नाही. कारण विमा हा अनेकांच्या हप्त्यांतून जमलेला सामाईक निधी असतो आणि रुग्णाची श्रद्धा त्याची स्वतःची असली, तरी खर्च होणारा पैसा इतरांचाही असतो. म्हणून जे प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, हप्ता भरणाऱ्या सर्वांना तपासता येईल, तेच दावा मंजूर करण्याचा आधार ठरावे.

ही अट आयुर्वेदावर बाहेरून लादलेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चार प्रमाणे मानली आहेत, आणि त्यांपैकी युक्ती म्हणजे अनेक कारणांच्या संयोगातून घडणारे कार्य ओळखणारी बुद्धी. त्याच अध्यायात उपचारांचे तीन प्रकार आहेत: मंत्र, होम इत्यादींचा दैवव्यपाश्रय, आहार आणि औषध यांच्या योजनेचा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरणारा सत्त्वावजय. सामाईक निधीने यांतील पहिल्याचा खर्च उचलू नये, हा निर्णय दैवाच्या खरेखोटेपणाविषयीचा नसून तपासणीच्या शक्यतेविषयीचा आहे. दुसऱ्या प्रकाराला मात्र तपासणीतून सूट मागता येत नाही. प्रत्येक रुग्णाची प्रकृती निराळी असल्याने एकच औषध सर्वांना देऊन केलेल्या चाचण्या आयुर्वेदाला अपुऱ्या पडतात, हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु त्यातून चाचणीची वेगळी रीत शोधण्याचे कर्तव्य निघते, चाचणीच नको असा निष्कर्ष निघत नाही.

भेदाची दुसरी बाजू विम्याच्या रचनेत आहे. स्वस्थाचे स्वास्थ्य राखणे आणि आजाऱ्याचा विकार शमवणे अशी दोन प्रयोजने आयुर्वेद स्वतःच सांगतो, तर विमा अनिश्चित संकटापुरता असतो आणि सामान्यतः रुग्णालयात किमान चोवीस तास दाखल झाल्याखेरीज तो लागू होत नाही. शिवाय स्वतंत्र आयुष रुग्णालयाला किमान पाच खाटा, चोवीस तास पात्र चिकित्सक आणि रोजच्या नोंदी आवश्यक असतात. अहिल्यानगरमध्ये गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये विम्याच्या व्याख्येत बसतात. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावात एका खोलीत रुग्ण तपासून काढा आणि पथ्य सांगणाऱ्या वैद्याचा दवाखाना मात्र बसत नाही. परिणामी कागदावरची बरोबरी ज्याला रुग्णालयात दाखल होणे परवडते त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि रोजगार बुडवून खाटेवर पडून राहणे अशक्य असलेला ऊसतोड मजूर तिच्या बाहेर राहतो.

या स्थितीत भेदाभेदाची भूमिका उपयोगी पडते. रुग्णाचा हक्क आणि पुराव्याची जबाबदारी या दोन बाबतींत सर्व पद्धती अभिन्न मानाव्यात. रोग समजण्याची रीत, उपचाराचा कालावधी आणि परिणामांची मोजणी या बाबतींत त्यांचा भेद मान्य करून बाह्यरुग्ण उपचारांसाठी आणि आरोग्यरक्षणासाठी वेगळी, अल्प हप्त्याची तरतूद करावी. पुरावा न मागता दिलेली समानता ही दया ठरते, आणि पुरावा देण्याची रीतच नाकारणारी समानता अन्याय ठरते.