पाडाव कोणी केला?

"मामा, यिर्मयाच्या २९व्या अध्यायात मी कर्त्यापाशी अडले. पहिल्या वचनात राजा नबुखद्नेस्सराने यरुशलेमच्या लोकांना बाबेलला पाडाव करून नेलं: हिब्रूत 'हेग्ला'. चौथ्या वचनात तेच क्रियापद देवाच्या तोंडी: 'हिग्लेती', मी नेलं. मग दोष कोणाचा?"

"आधी ऐकणारे कोण ते बघ. इ.स.पू. ५९७ मध्ये राजा यकन्यासह कारागीर, लोहार सगळे नेले गेले. हनन्या संदेष्टा सांगत होता, दोन वर्षांत परत. यिर्मया त्या नेलेल्यांना लिहितो, सत्तर वर्षं. घरं बांधा, बागा लावा."

"आणि त्या शहराच्या शालोमसाठी प्रार्थना करा! शालोम म्हणजे नुसती शांतता नव्हे, भरभराटही. लुटणाऱ्याची?"

"त्याच्या क्षेमात तुमचं क्षेम, असं तिथंच म्हटलंय. आपल्या सिनेगॉगमध्ये देशाच्या राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, तिचा आधार हेच वचन."

"आपल्या बेने इस्राएलांना कोकणात कोणी जिंकून आणलं नव्हतं, मामा. आसरा देणाऱ्याचं भलं चिंतणं सोपं असतं."

"खरं आहे. म्हणूनच 'हिग्लेती' नीट वाचायला हवं. त्याचं मूळ गालाह, म्हणजे देशोधडीला लागणं. उघडं करणं हाही अर्थ. काही कोशकार दोन्ही एकाच धातूचे मानतात: माणसं गेली की जमीन उघडी पडते. ती उघडी पाडली सैन्यानेच. देव 'मी' म्हणतो ते हरलेल्यांना: बाबेलच्या देवांनी मला हरवलं नाही, तुम्ही अजून माझे आहात. जिंकणाऱ्याला ते माफीपत्र नाही. २५व्या अध्यायात नबुखद्नेस्सर 'माझा सेवक' आहे, आणि पुढे तिथंच बाबेलच्या राजाला त्याच्या अधर्माची शिक्षाही आहे."

"ज्याला पाठवलं त्यालाच शिक्षा?"

"पाठवलं म्हणून त्याचं प्रत्येक कृत्य हुकमाचं होत नाही. जखऱ्या संदेष्टा पुढे तेच म्हणतो: देव थोडासा रागावला होता, अनर्थ वाढवला राष्ट्रांनी."

"पुढे यरुशलेम पडलं तेव्हा यकन्यानंतरचा राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारलं, मग त्याचे डोळे काढले. यातलं किती त्या 'मी'त बसतं?"

"ती रेषा मला आखता येत नाही. प्रार्थना करा म्हणणाऱ्या यिर्मयानेच बाबेलच्या नाशाची गुंडाळी धोंडा बांधून फरात नदीत टाकायला सांगितली. दोन्ही त्याचेच शब्द."

"म्हणजे शहराचं भलं मागायचं आणि फिर्यादही मागे घ्यायची नाही. एवढं मला पटतं. पण 'मी नेलं' हे वचन सिद्कीयाला वाचून दाखवायला मला सांगू नका."