एकाच अंगाची चूक

मनुष्य आपल्या चुकीबद्दल कितपत जबाबदार असतो, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु त्याची एक पोटशाखा सहसा चर्चिली जात नाही. जो कधी इकडे तर कधी तिकडे चुकतो, त्यास आपण गाफील म्हणतो. पण जो नेहमी एकाच अंगास चुकतो, त्यास काय म्हणावे? लबाड म्हणावे, की बिचारा म्हणावे? हा विचार आमच्या मनात प्रथम आला तो ग्रंथालयात नव्हे, तर पनवेलीस, नेमबाजीच्या रेंजवर.

२००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळविणाऱ्या सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य’ क्लब याच गावचा. आमची भाचीही पनवेलीस एअर रायफल चालवावयास शिकत असे. अंतर १० मीटर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि निशाणाचा मध्यबिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! त्या दिवशी तिचे सारे छर्रे डावीकडे, एका नाण्याएवढ्या जागेत, दाटीने बसत होते. पोर रडकुंडीस आली. साइटचा स्क्रू थोडा फिरवून टाक, असा सल्ला आम्ही दिला. तिच्या शिक्षकांनी आम्हांस थांबविले. “स्क्रू सर्वांत शेवटी,” ते म्हणाले.

त्यांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा होता. छर्रे विखुरले असते तर दोष हुडकणे कठीण. ते एकत्र बसतात, त्या अर्थी कारण ठराविक आहे आणि सापडण्याजोगे आहे. प्रथम दस्त्याचे व साइटचे स्क्रू ढिले नाहीत ना, ते पाहावे. मग रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून दुसऱ्याच्या हातून चालवावी. तरीही छर्रे डावीकडेच गेले तर संशय हत्यारावर. मध्ये आले तर नेम धरणाऱ्यावर. त्याची रायफल कलत असेल, गाल दर खेपेस दस्त्यावर चुकीच्या जागी टेकत असेल, किंवा बोट चाप सरळ मागे न ओढता बाजूस ढकलीत असेल. उघड्या मैदानावर वाऱ्याचाही हिशेब घ्यावा लागतो. हे काही न पाहता स्क्रू फिरविला तर छर्रे मध्ये येतील खरे. परंतु एका चुकीवर दुसरी चूक बेतलेली राहील, आणि पुढे बोट सुधारले की तेच छर्रे उजवीकडे जाऊ लागतील. भाचीच्या बाबतीत दोष बोटाचाच निघाला. तिला मात्र आपण चाप सरळच ओढतो, असे मनापासून वाटत होते.

ग्रीनिचच्या वेधशाळेत १७९६ साली प्रमुख ज्योतिर्विद मॅस्कलिन याने किनेब्रुक नावाच्या साहाय्यकास कामावरून दूर केले. कारण ताऱ्यांच्या वेळा तो मॅस्कलिनहून सुमारे ०.८ सेकंद उशिरा नोंदवी. पुढे बेसेलने निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा नामांकित ज्योतिर्विदांतही परस्परांत असे ठराविक अंतर पडते, हे दिसून आले. मॅस्कलिनने स्वतःलाच प्रमाण धरले होते, एवढाच काय तो किनेब्रुकचा अपराध!

पंचवीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना आम्हीही असेच स्वतःस प्रमाण धरीत आलो. कोणत्याही दिवशी, कोणत्याही गठ्ठ्यात आमचा हात एकसारखा चाले, आणि या सातत्यासच आम्ही निःपक्षपात समजत होतो. पनवेलीहून परतल्यावर आम्ही एक गठ्ठा, आपले गुण झाकून, एका सहकाऱ्याकडे दिला. सफाईदार इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत आम्हां दोघांचे गुण जुळले. ज्यांचा विचार चांगला पण भाषा ओबडधोबड, त्यांना मात्र आम्ही दर खेपेस पाच-सहा गुण कमी दिले होते. कदाचित सहकारीच दुसऱ्या अंगास झुकत असेल, म्हणून आम्ही तिसऱ्याकडे गेलो. निकाल तोच. आणि ही मुले कोण? बहुतेक खेड्यांतून आलेली. आम्ही ज्या प्रकारच्या घरातून आलो, तशाच घरांतली.

अशांना सरसकट पाच गुण वाढवून द्यावेत, हा पहिला मोह. वाकडे लाकूड सरळ करणारे ते उलट अंगास वाकवितात, तद्वत आपणही आपल्या कलाच्या उलट दिशेस स्वतःस ओढावे, असे ॲरिस्टॉटलने सुचविले आहे. परंतु लाकडाचा वाक सुतारास दिसतो. आपले बोट आपणांस दिसत नाही. शिवाय सरसकट गुणवाढ म्हणजे स्क्रू फिरविणेच होय. म्हणून आम्ही आता आधी केवळ मुद्दे टिपतो, भाषेकडे मागाहून पाहतो, आणि दर सत्रात एक गठ्ठा दुसऱ्याच्या हाती देतो.

तेव्हा एकाच अंगास चुकणारा मनुष्य लबाड असतोच असे नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याचा नेम सरळच असतो. परंतु रायफल दुसऱ्याच्या हाती देण्याचे जो नाकारतो, तो त्या क्षणापासून दोषी होय. हा निवाडा आम्हांस पुरते मोकळे करीत नाही. पंचवीस वर्षांत कोणी सांगितले नाही, हे खरे; पण आम्हीही कोणास विचारले नव्हते. भाचीचा त्या दिवशीचा कागद तिने चुरगळून टाकला आणि नवा लावला. आमचे पाच-सहा गुण ज्यांच्या आयुष्यावर बसले, त्यांची यादीदेखील आमच्यापाशी नाही.